गिधाडांच्या गावात पंधरा दिवस

या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गिधाडं बघून आलो. हाउसमध्ये हे सांगितल्यावर सगळे हसले. कोणी मनालीला गेलं होतं, कोणी गोव्याला, आणि हा म्हणे गिधाडं बघायला स्पेनला! एकाने तर विचारलं, "तिकडे कोणी मेलं होतं का?" म्हणून ठरवलं, की या वेळी आपल्या मराठी पानावर सगळं नीट लिहायचं. शाळेत मराठी बोलणारे आम्ही मोजून अकरा जण. म्हणजे निदान अकरा जण तरी वाचतील, आणि घरचे धरले तर थोडे जास्त.

स्पेनला जायचं खरं कारण मामा. तो आधी जहाजावर इंजिनिअर होता. आता चार वर्षं दक्षिण स्पेनमधल्या अल्हेसिरास बंदरात एका जहाज कंपनीच्या ऑफिसात आहे. जानेवारीत आजोबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, तेव्हा मामा फोनवर म्हणाला, "आता डोळे नवे झालेत, माझं घर बघायला या." आजोबा म्हणजे आईचे वडील. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. दहिवडीच्या पुढे, माणदेशात आमचं आजोळ आहे. एवढ्या लांब एकटं जायला आजोबा तयार नव्हते, आणि त्यांना एकटं पाठवायला आई तयार नव्हती. शेवटी आई, बाबा, ताई, मी आणि आजोबा असे पाच जण मे महिन्याच्या शेवटी निघालो.

मला पक्ष्यांचा नाद सातवीपासून. शाळा राजस्थानात असल्यामुळे रविवारच्या हाइकला अरवलीच्या टेकड्या आणि तळी आयतीच मिळतात. जीवशास्त्राच्या सरांनी पहिल्यांदा दुर्बीण हातात दिली. आईने वाढदिवसाला मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' पाठवला, त्यातून मी मराठी नावं पाठ केली. पण या नादाच्या मागचं कारण वेगळं आहे. सहावीत या शाळेत आल्यापासून प्रत्येक फॉर्मवर 'पुढे काय व्हायचं आहे' या रकान्यात मी 'फायटर पायलट' लिहीत आलो आहे. जे उडतं ते बघायचं, एवढाच हिशोब. घार वळताना शेपूट कशी तिरकी करते, शिक्रा झाडांमधून एवढ्या वेगाने जाऊन आपटत कसा नाही, हे बघताना माझा अभ्यासच चाललाय असं मला वाटायचं.

पहिल्या दोन दिवसांत कळलं की स्पेनचं घड्याळ आपल्या सवयीत बसत नाही. जूनमध्ये तिथे सूर्य सकाळी सातला उगवतो आणि रात्री पावणेदहाला मावळतो. आजोबा साडेनऊला बाल्कनीत उभं राहून म्हणायचे, "आरं, ह्यो सूर्य जाणार कधी आन् आपण जेवायचं कधी?" दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, खिडक्यांचे पडदे ओढलेले, रस्ते ओस. ऊन राजस्थानइतकंच कडक, फक्त धूळ कमी. जेवणात मामा टोमॅटो, काकडी, लसूण वाटून केलेलं थंडगार गास्पाचो द्यायचा. आजोबांनी पहिल्या घोटाला सांगून टाकलं, "हे टोमॅटोचं सार हाय. फोडणी द्यायची विसरलीय."

पक्षी मात्र घराबाहेर पडल्याबरोबर सुरू झाले. अल्हेसिरासहून बाहेर पडलं की हायवेच्या कडेला विजेच्या मोठ्या खांबांवर पांढऱ्या करकोच्यांची घरटी. एकेका खांबावर तीन-तीन, चार-चार मजले. हा करकोचा आपल्याकडे हिवाळ्यात येतो, तळ्याकाठी मी तो लांबून बघितला होता. घरट्यावर बसलेला पहिल्यांदाच बघितला. मोठ्या करकोच्याला आवाज जवळजवळ नसतोच. नर-मादी भेटले की मान पाठीवर टाकून चोच वाजवतात, टकटकटकटक, लाकडी टिपऱ्यांसारखी. तीच घरटी दरवर्षी दुरुस्त करून वापरतात, त्यामुळे काही घरट्यांचं वजन शेकडो किलो होतं. गंमत म्हणजे त्या काटक्यांच्या ढिगाऱ्यात खालच्या बाजूला चिमण्यांनी स्वतःची घरटी केली होती. वर मालक, खाली भाडेकरू.

नदीकाठच्या मातीच्या दरडीत युरोपातले वेडे राघू बघितले. आपला वेडा राघू हिरवा. हा तपकिरी पाठीचा, पिवळ्या गळ्याचा आणि निळ्या पोटाचा. मधमाशी पकडली की फांदीवर घासून तिची नांगी काढून टाकतो आणि मग गिळतो. ही शिस्त मात्र दोन्ही देशांत एकच. हुदहुदही दिसला, आपल्यासारखाच, तुरा उघडमिट करत हिरवळीवर चालणारा. परदेशात ओळखीचा चेहरा दिसावा तसं वाटलं.

आता थोडा भूगोल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नकाशात स्पेनचं दक्षिण टोक बघा. तिथे तारिफा नावाचं गाव आहे. समोर आफ्रिका. मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी, सर्वांत अरुंद जागी फक्त १४ किलोमीटर. इ.स. ७११ मध्ये तारिक इब्न झियाद इथूनच सैन्य घेऊन युरोपात उतरला. त्याच्या नावावरून 'जबल तारिक', म्हणजे तारिकचा डोंगर, आणि त्याचंच पुढे जिब्राल्टर झालं. हा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. पण त्याच्याही कितीतरी आधीपासून एक वेगळंच सैन्य दरवर्षी दोनदा हीच सामुद्रधुनी ओलांडतंय.

गिधाड, गरुड, करकोचा हे जड पक्षी पंख मारत लांबचा प्रवास करत नाहीत. ते ग्लायडरसारखे उडतात. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा स्तंभ वर चढतो, त्याला थर्मल म्हणतात. पक्षी त्यात गोल गोल फिरत उंची मिळवतो, मग पंख ताणून पुढच्या थर्मलपर्यंत घसरत जातो. इंजिन बंद, इंधन शून्य. पण समुद्राचं पाणी जमिनीसारखं तापत नाही, त्यामुळे पाण्यावर तसे थर्मल मिळत नाहीत. म्हणून पश्चिम युरोपातले हे सगळे पक्षी जिथे पाणी सर्वांत कमी तिथे गोळा होतात. वसंतात उत्तरेला, उन्हाळ्याच्या शेवटी दक्षिणेला, लाखोंच्या संख्येने. त्यातही वारा बघून. पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याला तिथे लेव्हांते म्हणतात आणि पश्चिमेकडच्याला पोनिएंते. लेव्हांते जोरात असला तर पक्षी काठावर थांबून राहतात, कधी दिवसचे दिवस. हे वाचलं तेव्हा मला मॅप रीडिंगच्या तासाची आठवण झाली. सर म्हणतात, जवळचा रस्ता तो नव्हे जो नकाशावर लहान दिसतो. जो पार करता येतो तो.

चौथ्या दिवशी आम्ही बोलोनिया नावाच्या गावाजवळच्या डोंगरावर गेलो. मामाच्या घरापासून तासाभराचा रस्ता. खाली रोमन लोकांच्या शहराचे अवशेष आणि पांढरी वाळू. वर करड्या खडकाचा सरळ तुटलेला कडा. या कड्यावर ग्रिफन गिधाडांची वसाहत आहे. आम्ही पहाटे उठून सात वाजता हजर. गिधाडं सगळी बसलेली. आठ वाजले, नऊ वाजले, एकही हलेना. ताई वैतागली. मी तिला समजावलं की जमीन तापल्याशिवाय थर्मल नाही आणि थर्मलशिवाय गिधाड नाही. थोडक्यात, गिधाडांना पीटी नसते.

दहाच्या सुमाराला पहिलं गिधाड कड्यावरून पुढे झुकलं आणि पंख उघडले. टोकापासून टोकापर्यंत अडीच मीटर. आपल्या डॉर्मिटरीतली खाट त्या पंखांखाली आडवी झाकली जाईल. त्याने एकदाही पंख न मारता आमच्या डोक्यावरून दोन फेऱ्या घेतल्या. इतकं जवळून, की वाऱ्यात पिसांचा सूं-सूं आवाज ऐकू आला. मग दुसरं, तिसरं, दहावं. अर्ध्या तासात आकाशात गिधाडांचा उंचच उंच खांब उभा राहिला.

आजोबा घडीच्या खुर्चीवर बसले होते. ते उठून उभे राहिले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंचवीस वर्सं झाली बघ." त्यांच्या लहानपणी गावाबाहेर ओढ्यापलीकडे मेलेली जनावरं टाकायची जागा होती. बैल मेला की तासाभरात आकाशातून गिधाडं उतरायची, आणि दुसऱ्या दिवशी फक्त हाडं उरायची. वास नाही, माशा नाहीत, रोगराई नाही. रजेवर आले की आजोबांना ती दिसायची. मग एका रजेला कमी दिसली, पुढच्या रजेला अगदी दोन-चार, आणि नंतर नाहीच. "आमाला वाटलं, कुठं दुसरीकडं गेली असतील," आजोबा म्हणाले.

ती दुसरीकडे गेली नव्हती. मी हे आधी वाचलं होतं, म्हणून तिथेच सगळ्यांना सांगितलं. १९९० नंतर आपल्या देशात गुरांना डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक औषध सर्रास देऊ लागले. स्वस्त आणि गुणकारी. पण औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात आणि ते काही दिवसांतच मरतं. एका मढ्यावर अनेक गिधाडं जेवतात, त्यामुळे विषारी मढी थोडी असली तरी पुरतात. कारण सापडेपर्यंत २००४ साल उजाडलं. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली, पण तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्याण्णव टक्क्यांहून जास्त संपली होती. भरतपूरच्या पक्षी अभयारण्यातही ती नाहीशी होताना शास्त्रज्ञांनी नोंदवली होती. भरतपूर राजस्थानातलंच, म्हणजे आपल्या शाळेच्याच राज्यातली ही गोष्ट.

मामाने यात एक भर घातली. स्पेनच्या खेड्यांमध्येही गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची ठरलेली जागा असायची, तिला मुलादार म्हणतात. आजोबांना हे फार आवडलं. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला. पुढे गायींच्या मेंदूच्या रोगाची साथ आल्यावर युरोपात मढी उघड्यावर ठेवायला मनाई झाली आणि गिधाडं उपाशी राहू लागली. नंतर नियम सैल करावे लागले. आज युरोपातली बहुतेक ग्रिफन गिधाडं स्पेनमध्येच आहेत. पण २०१३ मध्ये स्पेननेही गुरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली, आपल्या बंदीनंतर सात वर्षांनी. "आपलं बघूनबी?" आजोबांनी विचारलं. या प्रश्नाला मामाकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही.

गिधाडाबद्दल आणखी एक गोष्ट. अनेकांना वाटतं, त्याला मढ्याचा वास येतो. आपल्याकडची आणि युरोपातली गिधाडं वासाने नाही, नजरेने अन्न शोधतात. शिवाय प्रत्येक गिधाड शेजारच्या गिधाडावर लक्ष ठेवून असतं. एक खाली झेपावलं की शेजारचं त्याच्या दिशेने वळतं, त्याला बघून त्याच्या पलीकडचं. अशी बातमी आकाशभर पसरते. ज्याने मढं बघितलेलंही नाही, ते बरोबर जेवणाला पोचतं.

मी हे सांगत असतानाच आजोबांनी कड्याकडे बोट केलं. "अजून बसलेली किती हायत, मोज." मी बघितलं. कडा दिसला, बसलेलं गिधाड एकही दिसलं नाही. मग आजोबांनी पलटणीत सांगतात तसं लक्ष्य सांगितलं. "समोर मोठी भेग. भेगेच्या उजवीकडं, घड्याळात दोन वाजता. चार बोटं. गिधाडं, पाच." एनसीसीत आपण हेच शिकतो. मला भेग दिसली. हात लांब करून मी चार बोटं मोजली. तिथे करड्या खडकावर करडा रंग होता, एवढंच. ताईने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि म्हणाली, "हो, पाच. नाही, सहा. एक पिल्लू आहे." मी दुर्बीण लावली. सहा गिधाडं, मानेभोवतीच्या पांढऱ्या पिसांच्या कॉलरसकट. दुर्बीण खाली घेतली, कडा पुन्हा कोरा.

आजोबा माझ्याकडे बघत होते. परत गाडीकडे चालताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या लाल मोटारीचा नंबर वाच बरं." मी वाचला. चार आकड्यांतले दोन चुकले. सत्तर वर्षांच्या, ऑपरेशन झालेल्या माणसाने तोच नंबर माझ्यामागून बरोबर वाचला. आजोबा सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत. रात्री बाल्कनीत फक्त म्हणाले, "घरी गेलो की डोळे दाखवून घे."

त्या रात्री मला झोप आली नाही. जानेवारीच्या वार्षिक तपासणीत सगळं ठीक होतं, पण या वयात नंबर लवकर येतो आणि लवकर वाढतो, हे मला माहीत होतं. आणि दुसरंही माहीत होतं, कारण एनडीएच्या जाहिरातीतला वैद्यकीय अटींचा भाग मी अनेकदा वाचलेला आहे. भूदलाला ठरावीक नंबरापर्यंत चालतं. हवाई दलाच्या उड्डाण शाखेला लांबचं कमी दिसणारे डोळे चालत नाहीत. यात वाद नाही, विनंती नाही, पुढच्या वेळी जास्त मेहनत नाही. धावण्यात कमी पडलं तर आपण जास्त धावतो, गणितात कमी पडलं तर जास्त प्रेप करतो. डोळ्यांसाठी काय करणार? मी बाल्कनीच्या दारातून बंदरातले दिवे बघत होतो. प्रत्येक दिव्याभोवती धुरकट कडं होतं. मला वाटायचं, रात्री दिवे सगळ्यांनाच असे दिसतात.

दोन दिवसांनी आम्ही वेहेर नावाच्या टेकडीवरच्या पांढऱ्या गावाकडे गेलो. टेकडीच्या पायथ्याशी, गाड्या धावतात त्या रस्त्याला लागून एक कडा आहे, आणि त्याच्या कपारींमध्ये जगातल्या दुर्मीळ पक्ष्यांपैकी एकाची घरटी आहेत. इंग्रजी नावाचं मराठी केलं तर 'उत्तरेकडचा टकला शराटी' असं होईल. अंग काळं आणि चमकदार, चेहरा लाल आणि पिसांविना, चोच लांब आणि वाकडी, मानेवर विस्कटलेल्या केसांसारखी पिसं. आपल्या शाळेच्या मैदानावर काळे शराटी चरतात, त्यांचा हा लांबचा भाऊ. आजोबांनी आपल्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ह्यो माझाबी भाऊ."

हा पक्षी युरोपातून सुमारे चारशे वर्षांपूर्वी नाहीसा झाला. शिकार झाली, पिल्लं खाल्ली गेली. रानात तो मुख्यतः मोरोक्कोच्या किनाऱ्यावर उरला. मग स्पेनमध्ये पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं २००४ पासून मोकळी सोडायला सुरुवात झाली. कॅडेट्सना आवडेल असा भाग पुढे आहे. ही पिल्लं सोडली ती बार्बातेजवळच्या स्पॅनिश नौदलाच्या सराव क्षेत्रात! तिथे सामान्य लोकांना मज्जाव, त्यामुळे पक्ष्यांना शांतता. पिल्लांनी माणसालाच आई-बाप समजू नये म्हणून त्यांना भरवणारे लोक काळा अंगरखा आणि शराटीच्या डोक्यासारखं हेल्मेट घालायचे, वाकड्या चोचीसकट. २००८ मध्ये सोडलेल्या पक्ष्यांच्या एका जोडीने पहिल्यांदा मोकळ्यावर घरटं केलं. आज ते ट्रकच्या आवाजाकडे दुर्लक्ष करून रस्त्याच्या कडेला पिल्लं वाढवतायत. मी त्यांना दुर्बिणीशिवायही बघू शकलो, इतके जवळ.

तिथून त्राफाल्गारचं भूशिर जवळच आहे. हे नाव इतिहासाच्या तासाला ऐकलं होतं. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी याच समुद्रात नेल्सनच्या ब्रिटिश आरमाराने फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराचा पराभव केला, आणि त्याच लढाईत नेल्सन मारला गेला. दीपगृहाच्या खाली वाळूत बसून मी हे आजोबांना सांगत होतो. बोलता बोलता सांगून गेलो, की १७९४ मध्ये कोर्सिकातल्या कॅल्व्हीच्या वेढ्यात नेल्सनच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती.

आजोबांनी समुद्राकडे बघतच विचारलं, "म्हंजे ही लढाई एका डोळ्यानं?"

"हो."

"बरं," आजोबा म्हणाले. आणखी काही नाही. मलाच हसू आलं, कारण ते मुद्दाम गप्प बसले होते हे कळत होतं.

परतायच्या दोन दिवस आधी आम्ही तारिफाला गेलो. पक्ष्यांच्या स्थलांतराचा मुख्य हंगाम संपला होता, पण गेल्या हिवाळ्यात आफ्रिकेत गेलेली तरुण ग्रिफन गिधाडं मे-जूनपर्यंत परत येत असतात, म्हणून मी हट्ट धरला होता. लेव्हांते सुटला होता. टोपी डोक्यावर राहत नव्हती आणि टेकड्यांवरच्या पवनचक्क्या गरगरत होत्या. समोर मोरोक्कोचा जबल मुसा डोंगर धुरकट दिसत होता. बाबांनी विचारलं, "किती वेळ थांबायचं?" मी म्हणालो, "ती थांबतात तितका वेळ." बाबांनी घड्याळ बघितलं, आणि मग माझ्याकडे बघून ते खिशात टाकलं.

साडेबाराला आजोबा म्हणाले, "आली." त्यांना समुद्रावर ठिपके दिसत होते. मला दिसत नव्हते. मी त्यांच्या खांद्यावरून, त्यांच्या बोटाच्या रेषेत दुर्बीण धरली. शेजाऱ्याकडे बघून वळणारं गिधाड मीच होतो. आणि मग मला ती दिसली: सात गिधाडं, पाण्याच्या अगदी जवळून येणारी. कड्यावर ज्यांनी एकदाही पंख मारला नव्हता, त्याच जातीची ही सात जण जीव तोडून पंख मारत होती. चार-पाच मारायचे, थोडं घसरायचं, पुन्हा मारायचे. किनाऱ्याजवळ येताच समुद्री कुरव त्यांच्यावर तुटून पडले. कुरव त्यांच्यापुढे केवढासा, पण थकलेल्या गिधाडाला तो पाण्यात पाडू शकतो, आणि पाण्यात पडलेलं गिधाड उठत नाही. सातवं बरंच मागे होतं. ते इतकं खाली आलं की लाटेआड दिसेनासं व्हायचं. आई, बाबा, ताई, मामा, सगळे उभे राहिले होते. ताई ओरडत होती, "चल, चल, चल!" आमच्या क्रॉस कंट्रीत शेवटच्या मुलासाठी सगळं हाउस ओरडतं, अगदी तसं.

ते पोचलं. किनाऱ्यावरच्या पहिल्या खडकावर कसंबसं उतरलं आणि पंख पसरूनच बसून राहिलं. वीस मिनिटं ते हललं नाही. मग जमिनीवरची गरम हवा मिळाली असावी. त्याने दोन जड उड्या मारल्या, वर उठलं, आणि पंख न हलवता गोल गोल चढत गेलं. आजोबांना ते कितीतरी वेळ दिसत होतं. मला दुर्बिणीतून दिसत होतं.

परत आल्यावर साताऱ्याला डोळे तपासले. डावा उणे एक, उजवा उणे पाऊण. डॉक्टर म्हणाले, अगदी किरकोळ नंबर आहे. कोणासाठी किरकोळ, हे त्यांना माहीत नव्हतं. बाबा गाडीत म्हणाले, "तुला काय वाटतंय ते सांग, नाहीतर सांगू नकोस, पण एकटा बसू नकोस." आजोबांचं मत ठरलेलं: पायदळाला डोळ्यांआधी पाय लागतात, आणि तुझे पाय चांगले आहेत. पायदळ मला कमी वाटत नाही; ज्या माणसाने मला लक्ष्य बघायला शिकवलं तो पायदळातलाच. पण फॉर्मवरचा तो रकाना मी या सत्रात अजून कोरा ठेवला आहे. काय लिहायचं ते ठरलं की लिहीन.

चष्मा लावून पहिल्यांदा शाळेच्या गेटमधून आत आलो, तेव्हा परेड ग्राउंडच्या कडेच्या कडुनिंबाची पानं सुटी सुटी दिसली. फ्लडलाइटच्या खांबावर शिक्रा बसला होता. तो तिथे रोज बसतो, असं माळीकाका म्हणाले.

कॅडेट मित्रांनो, फळ्यावरचं दिसतं म्हणजे लांबचंही दिसतं असं समजू नका. लांबच्या झाडावरचा पक्षी मित्राला दिसला आणि तुम्हाला नाही, तर एमआय रूममध्ये जाऊन या. पालकांनाही हीच विनंती. आणि ज्या ग्रिफन गिधाडांबद्दल लिहिलं, त्यांच्याच जातीची गिधाडं हिवाळ्यात राजस्थानात येतात. बिकानेरजवळचं जोडबीड त्यासाठी प्रसिद्ध आहे. सरांनी डिसेंबरमध्ये तिथे सहल काढायचं कबूल केलं आहे. तोपर्यंत शाळेच्या आवारातल्या पक्ष्यांची यादी मी नोटीस बोर्डवर लावली आहे. आत्तापर्यंत त्रेचाळीस नावं झाली, त्यातली सहा चष्मा आल्यानंतरची. दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही ऑब्स्टॅकल कोर्सजवळ जमतो. दुर्बिणी दोनच आहेत, पण डोळे जितके जास्त तितकं बरं. आपल्याला नाही दिसलं तर शेजाऱ्याला विचारायचं, एवढा एकच नियम आहे.